९६ पैकी ४१ म्हणजे नापास का?

प्रश्न : प्रकल्पासाठी कॉलेजात आमच्याकडून आध्यात्मिक बुद्धिमत्तेची २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली. मला ९६ पैकी ४१ गुण पडले. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या मैत्रिणीला तर त्याहून कमी! गुण वाढवले की मी आनंदी होईन का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : या चाचणीत पास-नापास अशी रेषाच नाही. संशोधक डेव्हिड किंग यांनी २००८ मध्ये मांडलेल्या या प्रश्नावलीत प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण असतात. सहावं विधान उलटं मोजायचं असतं (४ असेल तर ०, ३ असेल तर १) आणि घाईत नेमकं तेच राहतं; तेवढं आधी तपासा. उपासना किती करता हे ती विचारत नाही. मैत्रिणीच्या हरिपाठाचं मोल त्या आकड्यावरून करू नका.

एकूण बेरजेपेक्षा प्रश्नावलीचे चार भाग वेगळे काढा : जगण्याबद्दल मूलभूत प्रश्न पडणं (७ विधानं), जगण्यात अर्थ सापडणं (५), देहापलीकडच्या ‘मी’ची जाण (७) आणि हवं तेव्हा ध्यानावस्थेत जाता येणं (५). आपल्या जगण्याला अर्थ आहे असं वाटणाऱ्यांमध्ये समाधान जास्त आढळतं; नुसत्या शोधाचं तसं नाही. पहिल्या भागात भरपूर आणि दुसऱ्यात कमी गुण असले, तर ‘मी हे कशासाठी शिकतेय?’ हा प्रश्न रात्रभर डोकं खातो. तुमच्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. मात्र दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं सिद्ध होत नाही. आनंदी माणसालाही अर्थ सहज दिसतो.

म्हणून गुणांमागे लागू नका, दुसऱ्या भागावर काम करा. रविवारी १५ मिनिटं काढून वहीत लिहा : या आठवड्यात कशात मन रमलं, माझं कोणतं काम कुणाच्या उपयोगी पडलं, पुढच्या आठवड्यात त्यातलं काय पुन्हा करेन. तिसरं उत्तर वार आणि वेळेसकट हवं. ‘लोकांना मदत करेन’ असं मोघम लिहिलं की ते वहीतच राहतं. ‘बुधवारी ५ वाजता शेजारच्या मुलाला गणित शिकवेन’ हे घडतं. रोज लिहायचा हट्ट नको. कृतज्ञतेच्या नोंदींवरच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. बहुधा सवयीने त्यातला जीव जातो. आणि हे झोपायच्या आधी नको, सकाळीच करा.

दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल, तर वही बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.