किशोरवय, पौगंडावस्था की तरुणावस्था?

वडोदऱ्यातल्या एका संशोधक ताईंनी विचारले आहे: 10 ते 19 वयाच्या मुलामुलींच्या आरोग्याची आणि वाढीची प्रश्नावली गुजरातीत तयार आहे. रावपुरा, दांडिया बाजारातल्या मराठी घरांसाठी ती मराठीत करायची आहे. गुजरातीतल्या 'तरुणावस्था'साठी पौगंडावस्था लिहावे, की 'तरुण' तसाच ठेवावा?

'तरुण' मुळीच ठेवू नका. गुजरातच्या 'ममता तरुणी' कार्यक्रमात तरुणी म्हणजे 10 ते 19 वर्षांची मुलगी. मराठीत मात्र तरुणी म्हटले की विशीच्या आसपासची, लग्नाच्या वयाची मुलगी डोळ्यांपुढे येते. 'घरात तरुणी किती?' असे विचारले, तर आजी कॉलेजातली नात सांगतील आणि सहावीतली वगळतील. वडोदऱ्याच्या मराठी घरांत दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात असल्याने कोणी कुठल्या अर्थाने उत्तर दिले, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

पौगंडावस्था हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला आहे, अर्थही कळतो. पण संस्कृतातली विभागणी वेगळी आहे. भागवताच्या टीकांत येणाऱ्या एका जुन्या श्लोकाप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे तुमचा वयोगट सुरू होतो तिथे पौगंड संपते. कोशांत पाच ते सोळा अशीही मर्यादा सापडते. रूढी व्युत्पत्तीपेक्षा मोठी, हे मान्यच. तरी मला हा शब्द नको वाटतो, कारण तो बहुतेक वेळा 'समस्या' या शब्दाचा हात धरूनच येतो. बारा वर्षांच्या मुलीला पहिल्याच पानावर आपण म्हणजे अडचण आहोत असे का वाटावे?

कुमारावस्था बी.एड.च्या पुस्तकांत चालते. महाराष्ट्रात नववी-दहावीचे मराठीचे पुस्तकही कुमारभारतीच. पण मराठीत 'कुमारी' म्हणजे अविवाहित. सतरा-अठराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी 'कुमारवयीन'मध्ये मोजायची का, हा घोळ नक्की होतो.

म्हणून किशोरवय. केंद्र सरकारच्या 2014च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादाही 10 ते 19 हीच आहे. एक उणीव आहे: एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःला किशोर म्हणवून घेणार नाही. तेव्हा शब्द शीर्षकात आणि अहवालात वापरा (10–14 पूर्वकिशोर, 15–19 उत्तरकिशोर), पण प्रश्नांत घालूच नका. तिथे थेट वय विचारा.

आणि खरी गफलत तिथेच होते. मराठीत आई सांगते, 'हिला तेरावं लागलं.' म्हणजे बारा पूर्ण. प्रगणक 13 लिहितो. 10 ते 19 ही पूर्ण वर्षे असतात: दहावा वाढदिवस झालेला, विसावा न झालेला. 'विसावं चालू आहे' म्हणणारा मुलगा गटात बसतो, 'दहावं चालू आहे' म्हणणारी मुलगी बसत नाही. वयानुसार उंची आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) पाहायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेचे 2007चे तक्ते महिन्यांत वय मागतात; एका वर्षाच्या चुकीने ठीक वाढणारी मुलगी बुटकी ठरू शकते. म्हणून जन्मतारीख दाखल्यावरून घ्या, मुलाखतीची तारीख शेजारी लिहा आणि पूर्ण वर्षे व महिने कार्यालयात काढा. घरच्यांना तारीख आठवत नसेल, तर 'कितवं लागलंय?' आणि 'किती पूर्ण झाली?' हे दोन्ही विचारा. उत्तरांत एकाचा फरक आला नाही, तर तिथल्या तिथे पुन्हा विचारा.

'वयात येणे' हा किशोरवयाचा पर्याय नव्हे. तो शरीरातला बदल आहे, वयाचा टप्पा नाही. शिवाय 'वयात कधी आलीस?' याचा अर्थ मुली पहिली पाळी असाच घेतात, पण स्तनांची वाढ साधारणपणे पाळीच्या दोनेक वर्षे आधी सुरू झालेली असते. म्हणून 'पहिली पाळी आली तेव्हा किती वर्षे पूर्ण झाली होती?' आणि छातीची वाढ, असे दोन प्रश्न करा. 'रजोदर्शन' अहवालात शोभते, प्रश्नावलीत नको. 'शहाणी झाली', 'न्हाण आलं' हे आजीकडून ऐकू येईल. प्रगणकाला ते समजले पाहिजे, त्याने स्वतः वापरायचे नाही. मुलांना 'आवाज बदलला का?' विचारले, तर सर्दीचे उत्तर येते. 'आवाज फुटला का, म्हणजे मोठ्या माणसासारखा जाड झाला का?' आणि 'मिसरूड फुटलं का?' असे विचारा. उत्तराचे पर्याय हो-नाही न ठेवता चार ठेवा: अजून नाही, नुकतीच सुरुवात, स्पष्ट दिसते, पूर्ण झाल्यासारखे.

संमतीपत्राबद्दल एवढेच: अठराखालच्यांसाठी 'संमती' पालकांची, आणि मुलाचा स्वतःचा तो 'होकार'. दोन्हींना संमती म्हटले, की आईची सही झाल्यावर मुलीला कोणी विचारतच नाही.