पगार उशिरा, माणसं कमी, तरी हा कंपनी सोडत का नाही?

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो आणि गंमत म्हणजे ज्याचा आहे तो तो विचारतच नाही, त्याची बायको विचारते नाहीतर आई. कंपनी डबघाईला आलीय, माणसं काढतायत, सगळं डोळ्यांसमोर दिसतंय तरी हा हलत का नाही, आळशी झालाय का, घाबरट आहे का, की कुणी काहीतरी केलंय (हो, हेसुद्धा विचारतात).

गोव्यातल्या फोंड्याच्या एका जोडप्याचं सांगते. दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. तो वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात, चौदा वर्षं, आता सुपरवायझर. आधी ट्रेनी गेले, मग कॉन्ट्रॅक्टवाले, मग एका शुक्रवारी पर्मनंटमधलेही काही. फोंड्याहून दोन बस जायच्या, त्याची एक झाली. कँटीनमधलं बुधवारचं नुस्तें (मासे) बंद. सात तारखेचा पगार वीसवर गेला. आणि दर पंधरा दिवसांनी एक बातमी, की मुंबईची कोणतरी पार्टी कंपनी घेतेय.

ती आली तीच "मॅडम, ह्यांना जरा सांगा" करत. तो गप्प. मी त्याला नोकरीबद्दल काही विचारलंच नाही, म्हटलं काल दिवसभर काय केलं ते सांगा. मग माणूस खुलला. त्यांच्याकडे एचपीएलसी म्हणून मशीन असतं, औषधात काय किती आहे ते मोजायचं, त्यात कॉलम नावाची स्टीलची नळी लागते, ती महाग असते आणि वापरून वापरून खराब होते. नवीन कॉलमची ऑर्डर कित्येक महिने सही होऊन येत नव्हती. तर ह्याने शेवटचा चांगला कॉलम धुऊन, दोन्ही टोकांना बूच लावून, आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला होता, फक्त महत्त्वाच्या बॅचला काढायचा. हे सांगताना त्याचा आवाज एकदम वेगळा. ती बघतच राहिली, घरी हे कधी बोलला नव्हता. मी मनात म्हटलं, हा आळशी नाही, हा तर एकटाच किल्ला लढवतोय.

लोक बुडत्या कंपनीत का राहतात ह्याचं पैसा हे उत्तर अर्धंच असतं. 2001 मध्ये टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर एक कल्पना मांडली, जॉब एम्बेडेडनेस. त्यांनी प्रश्नच उलटा केला, माणूस का सोडतो हे नाही तर का राहतो हे बघितलं, आणि तीन गोष्टी सांगितल्या: तिथल्या माणसांशी आणि गावाशी जुळलेले धागे, त्या कामात आपण किती बसतो, आणि सोडलं तर काय काय गमवावं लागेल. ह्याच्याकडे तिन्ही गच्च होते. हाताखाली चार पोरं, त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं. बॉस रोज सांगतो, "तू आहेस म्हणून डिपार्टमेंट चाललंय." माझ्या मते ह्या वाक्याने जेवढी माणसं अडकून पडतात तेवढी पगाराने पडत नाहीत. शिवाय जे वाचले त्यांना एक ओझं असतं, तो गेला आणि मी राहिलो, आता निदान काम तरी मोडू देऊ नये.

पण ह्याचा खरा खिळा वेगळ्याच जागी होता, तो कळायला दोन-तीन भेटी गेल्या. त्याचे वडील डिचोलीकडचे, त्यांचा खाणीवर ट्रक होता, बँकेचा हप्ता चालू. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा. 2014 मध्ये कोर्टाने बंदी उठवली, थोडं चालू झालं, मग 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. त्या घरात सगळ्यांची जेवणं ह्याच्या पगारावर झालीत. त्यामुळे बाबांचं एकच म्हणणं, हातची नोकरी सोडायची नाही. आता बायको साखळीची, तिच्याही वडिलांचा ट्रक होता, त्यांनी पहिल्याच वर्षी मिळेल त्या भावाला विकून दुकान टाकलं. म्हणजे बंद तीच खाण, पण एका घराने शिकलं की हातातलं सोडू नये आणि दुसऱ्याने शिकलं की वाट बघत बसू नये. दोघं नवराबायको महिनोन् महिने ह्यावरून भांडत होती आणि दोघांना वाटत होतं आपण कंपनीबद्दल भांडतोय.

हे एकदा बोलून झाल्यावर हिशोबाचं बोलणं सोपं झालं. आणि हिशोबात एक मोठा गैरसमज निघाला जो मला सारखा भेटतो. ह्याला वाटत होतं राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना कंपनी एकरकमी देते ते पैसे, बुडाली, काढलं तरच मिळणार. तसं नाही! पाच वर्षं सलग झाली असतील तर स्वतः राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. हिशोब साधारण असा, शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. ह्याचे 26 हजार धरले तर वर्षाला 15 हजार, चौदा वर्षांचे 2 लाख 10 हजार. कामावरून कमी केल्यावर मिळते ती भरपाई वेगळी, ती राजीनाम्याने जाते हे खरं, पण ती कायद्याने जो कामगार ठरतो त्याला, सुपरवायझरला बरेचदा लागूच होत नाही, तेव्हा लेबर ऑफिसात किंवा वकिलाला विचारून घ्या, माझ्यावर जाऊ नका. आणि पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापतात ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायला हवं, तिथे खंड दिसला तर मुंबईच्या पार्टीच्या बातमीपेक्षा ती बातमी खरी समजा.

मी त्याला सोड असं म्हटलं नाही. कुणालाच म्हणत नाही, ज्याच्या घराचा हप्ता आहे त्याला मी कोण सांगणार, आणि दुसरी नोकरी हातात नसताना रागाने राजीनामा टाकलेलेही माझ्याकडे येतात, त्यांची कथा काही बरी नसते. मी म्हटलं रहा, पण कशासाठी आणि कुठपर्यंत ते लिहा. "बघूया" चालणार नाही. त्याने बऱ्याच खाडाखोडीनंतर लिहिलं, पीएफ चुकला किंवा पगार पुढच्या महिन्यात गेला तर त्या दिवसापासून मिळेल ती चांगली ऑफर घ्यायची, आणि तोवर बायोडाटा तयार ठेवायचा, जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचे. बायोडाटाला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. चौदा वर्षांत काय केलं हे लिहायलाच बसेना, चाळिशी उलटलेल्याला कोण घेतो म्हणायचा. तेव्हा तीच बसली लॅपटॉप घेऊन, तो सांगेल तसं टाइप करायला. तिला मी एकच काम दिलं होतं, संध्याकाळी दारातच "आज काय झालं?" विचारायचं नाही, आठवड्यातून एकदा, रविवारी जेवण झाल्यावर बोलायचं. तिला ते फार जड गेलं हेही सांगते.

चवथीच्या आदल्या महिन्यात पगार पुढे गेला. त्याने कुंडईला एका छोट्या कंपनीची ऑफर घेतली, पगार थोडा कमी, पण घराजवळ. हाताखालच्या चौघांपैकी दोघांना नंतर तिथेच लावलं. उरलेले दोघे अजून वेर्ण्याला आहेत, मशीन अडलं की रात्री ह्यालाच फोन करतात आणि हा ताटावरून उठून सांगत बसतो. तिचं म्हणणं मी त्याला हे बंद करायला सांगावं. मी अजून सांगितलेलं नाही.