मंडळीत दोन तट पडले, आता मी कोणत्या बाकावर बसू?

“सर, मागच्या वर्षापर्यंत प्रभुभोजनासाठी मी नव्वद तुकडे करायचे. या महिन्यात चोपन्न केले, तरी उरले.”

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका गावातल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी पहिल्या भेटीत बोलायला सुरुवात केली ती या वाक्याने. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी; त्याची आदली संध्याकाळ आली की पावाच्या कडा काढायच्या, मधल्या पांढऱ्या भागाच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे, आणि ते ताटात मांडून त्यावर धुतलेले कोरडे फडके झाकायचे, हे काम सासूबाईंकडून त्यांच्याकडे आले होते आणि बावीस वर्षे त्यांनी ते एकदाही चुकवले नव्हते. मंडळीत काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांना ते तुकड्यांच्या हिशेबातून कळत होते. (हा अनुभव मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांची अडचण अशी होती. चोवीस वर्षांचा मुलगा चिपळूणला नोकरीला लागल्यापासून तिथल्या एका घरगुती प्रार्थनासभेला जाऊ लागला होता. तान्हेपणी डोक्यावर पाणी घालून झालेला बाप्तिस्मा आपण मानत नाही, खाडीत उतरून बुडवणीचा बाप्तिस्मा घेणार आहोत, असे त्याने घरी सांगितले, आणि गावातल्या मंडळीची आणखी पाच-सहा मुले त्याच्याबरोबर तयार झाली. बाईंचे दीर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचे सचिव. त्यांनी कमिटीच्या सभेत सांगितले की, ज्यांना आमचा बाप्तिस्मा खोटा वाटतो त्यांनी आमच्या प्रभुभोजनालाही येऊ नये. त्यानंतर तरुण मुले उपासनेला येईनाशी झाली, त्यांच्यापाठोपाठ काहींचे आईवडीलही थांबले आणि स्त्रीमंडळाच्या गुरुवारच्या प्रार्थनेत दोन गट दोन भिंतींना टेकून बसू लागले. बाईंना शनिवारी रात्री झोप येत नव्हती आणि रविवारी देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा ऐकली की छातीत धडधडत होते. डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक असल्याचे सांगितले होते. “मी दिरांच्या बाजूच्या बाकावर बसले तर मुलगा तुटतो, आणि घरी राहिले तर ज्या माणसाने मला विधवा झाल्यावर सांभाळले त्याचे तोंड कसे बघू? त्यापेक्षा दुसऱ्या मंडळीत जावे का?”

हा प्रश्न माझ्याकडे अनेक ख्रिस्ती कुटुंबे आणतात. कुठे भांडण पेटी-तबला की कीबोर्ड यावर असते, कुठे कमिटीच्या निवडणुकीवर, कुठे पाळकसाहेबांच्या बदलीवर. वादात नसलेले, पण दोन्हीकडे जीव गुंतलेले माणूस मात्र सगळीकडे हेच विचारते की मी कोणाच्या बाजूचे. दोन्ही तटांवरची माणसे आपापल्या जागी ठाम असल्याने शांत झोपतात. झोप उडते ती मधल्याची.

पहिल्या दोन भेटींत मी बाईंना फक्त एकच गोष्ट नोंदवायला सांगितली: आठवड्यात कोण कोण आपल्याकडे येऊन दुसऱ्याबद्दल काय बोलले आणि आपण ते पुढे कोणाला सांगितले. तिसऱ्या भेटीला त्यांनी वहीची चार पाने भरून आणली. दीर म्हणत, “वहिनी, त्याला समजवा, त्याने बापाचे नाव घालवले.” मुलगा फोनवर म्हणे, “आई, काकांना सांग, मी देवाचे ऐकणार, कमिटीचे नाही.” शेजारीण सांगे की तिच्या मुलीला सैतानाची पोर म्हटले गेले, आणि ते कोणी म्हटले हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते. काका आणि पुतण्या या विषयावर समोरासमोर बसून साडेतीन महिन्यांत एकदाही बोलले नव्हते. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि ताण त्याच्या अंगावर जातो. कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटले. बाईंची धडधड ही त्या दोघांच्या न झालेल्या बोलण्याची धडधड होती, असे मला वाटले, आणि मी तसे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या.

निरोप नेणे बंद करा, असे सांगणे सोपे आहे, पण कोकणातल्या एखाद्या वाडीत, जिथे विहिरीवर, मासळी बाजारात आणि देवळात तीच माणसे भेटतात, तिथे ते करणे फार कठीण. म्हणून आम्ही एक वाक्य तयार केले आणि त्यांनी ते माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हणून पाहिले: “भावजी, हे तुम्ही त्यालाच सांगा, मी दोघांना चहा करून देते.” पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापत होता, कारण बावीस वर्षांत त्यांनी दिरांना कधी नाही म्हटले नव्हते.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी एक चूक केली. माहिती दिली की गैरसमज मिटेल या समजुतीने मी त्याला इतिहास सांगू लागलो. या किनाऱ्यावर १८२०च्या दशकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोट आणि हर्णैला काम सुरू केले, त्यांच्यापैकीच जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला हर्णैलाच येऊन राहिले, पुढे दापोलीत अँग्लिकन मिशनने शाळा चालवली आणि वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना झाला. म्हणजे आपल्या पणजोबांना ख्रिस्ताची ओळख वेगवेगळ्या परंपरांच्या लोकांकडून झाली. मग मी त्याला सांगितले की १९२९ साली लखनौला सुरू झालेली बोलणी चाळीस वर्षांहून अधिक काळ चालून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांचे ऐक्य झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्या सहांत अर्भकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन होते, तसेच विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, आणि दोन्ही रीती मान्य करूनच ते एकत्र आले. हे सगळे खरे आहे आणि मला ते मोलाचे वाटते. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, यात मी कुठे आहे?”

तेव्हा मी बोलणे थांबवून त्याला विचारले की तुला नक्की काय हवे आहे. तो म्हणाला की त्याच्या वतीने सगळे नेहमी दुसऱ्यांनीच कबूल केले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तो चार महिन्यांचा होता. दृढीकरणाचे (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीचे) वर्ग बारावीच्या परीक्षेत आले, तीन रविवारांत उरकले, आणि प्रश्नांची उत्तरे सगळ्या मुलांनी पाळकसाहेबांच्या मागून एका सुरात म्हटली. “माझ्या तोंडाने, माझ्या शब्दांत, लोकांपुढे मी येशूबद्दल आजपर्यंत एक वाक्य बोललेलो नाही.”

दीर पुढच्या आठवड्यात आले ते कागद घेऊन. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडीवर फाटू लागलेला बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि टेबलावर हाताने सरळ केला. वडिलांच्या सहीची शाई पुसट झाली होती आणि ती सही कागदाच्या रेषेवरून खाली उतरली होती. “माझ्या भावाला कावीळ झाली होती. सही करताना त्याचा हात धरवत नव्हता. मुलाला हातात घेऊन उभे राहण्याची ताकद नव्हती म्हणून मी घेतले. त्याला प्रभूच्या मार्गात वाढवीन असे वचन त्याने दिले, आणि त्याच्यासाठी मीही दिले. दोन महिन्यांनी तो गेला. आता हा पोरगा म्हणतो की त्या दिवशी काहीच झाले नाही.” प्रभुभोजनाबद्दलचे ते कठोर वाक्य कोणत्या दुखण्यातून आले होते, हे मला तेव्हा समजले. ते दुखणे पुतण्याला ठाऊक नव्हते आणि बाईंनाही पूर्ण ठाऊक नव्हते.

पाचव्या आठवड्यात दोघे एकत्र बसले. मी एकच नियम घातला, जो कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेला आहे आणि मी नेहमी वापरतो: समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतके नीट स्वतः मांडून दाखवल्याशिवाय आपले म्हणणे मांडायचे नाही. ऐकायला हे साधे वाटते. काकांनी पुतण्याचे म्हणणे मांडले ते असे: “याला आपली रीत जुनी वाटते.” मुलाने मान हलवली, नाही. दुसऱ्यांदा, “याला वाटते आम्ही तारलेले नाही.” पुन्हा नाही. चौथ्या खेपेला ते हळूहळू म्हणाले, “याला स्वतःच्या तोंडाने कबुली द्यायची आहे, आणि आम्ही त्याला ती कधी देऊ दिली नाही.” मुलगा म्हणाला, “होय काका, हेच.” मुलाला काकांचे म्हणणे मांडायला त्याहून जास्त वेळ लागला, कारण दाखल्यावरची ती उतरती सही त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली होती.

कोणाचेही मत त्या दिवशी बदलले नाही, आणि हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण मंडळीतले ऐक्य म्हणजे सर्वांचे एकमत अशी समजूत करून घेऊन आपण एकमेकांना फार छळतो. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भांडणाऱ्यांना पौल एकच मत स्वीकारायला सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि एकमेकांना तुच्छ मानू नये, असे सांगतो. फिलिप्पैकरांस पत्रात तर युवदीया आणि सुंतुखे यांच्यात भांडण कशाचे होते हेही तो लिहीत नाही. दोघींना तो वेगवेगळी विनंती करतो, जणू दोघींच्या घरी स्वतंत्रपणे गेला आहे, आणि मग एका तिसऱ्या सोबत्याला म्हणतो की तू या दोघींना साहाय्य कर. मधल्या माणसासाठी यापेक्षा नेमके मार्गदर्शन माझ्या माहितीत नाही. त्या सोबत्याला त्याने बाजू घ्यायला सांगितलेले नाही आणि निरोप पोहोचवायलाही सांगितलेले नाही.

पुढे पाळकसाहेबांनी स्वतः पुढाकार घेतला. जागतिक मंडळी परिषदेच्या १९८२च्या लिमा (पेरू) येथील निवेदनात दोन्ही पक्षांना सांगितलेले आहे: बाप्तिस्मा पुन्हा दिल्यासारखा वाटेल असे काही टाळावे, आणि अर्भकांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांनी त्या मुलांना प्रौढ विश्वासापर्यंत वाढवण्याची जबाबदारी अधिक गांभीर्याने घ्यावी. पाळकसाहेबांनी कमिटीत यातील दुसरा भाग आधी वाचला, पहिला नंतर, आणि हा क्रम मला शहाणपणाचा वाटला. बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करण्याची उपासना ठेवली गेली आणि प्रत्येक तरुणाने आपल्या शब्दांत साक्ष दिली. बाईंच्या मुलाने खाडीत जाण्याचा विचार सोडला. त्याच्या दोन मित्रांनी सोडला नाही, ते बुडवणीचा बाप्तिस्मा घेऊन आले आणि त्यांची दोन घरे मंडळीतून गेली. दिरांनी आपले वाक्य सभेत मागे घेतले नाही, पण इतिवृत्त वाचले गेले तेव्हा ते त्यात नव्हते आणि कोणी विचारलेही नाही.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. ही वाट मतभेदांसाठी आहे. दानार्पणाच्या पैशांचा अपहार किंवा कोणावर, विशेषतः मुलांवर, अत्याचार झाला असेल तर तेथे ऐक्याचे नाव घेऊन कोणाला गप्प बसवणे हा दुसरा अन्याय आहे. अशा वेळी मधल्या माणसाने पीडिताच्याच बाजूला उभे राहावे आणि मंडळीबाहेर, गरज असेल तेथे पोलिसांकडे जावे. दुखावलेल्या माणसाला समोरासमोर बसवण्याची घाई तेथे मुळीच करू नये.

राहिला दुसऱ्या मंडळीत जाण्याचा प्रश्न. मी बाईंना जा किंवा राहा असे सांगितले नाही. एवढेच विचारले की, तिकडे गेल्यावर रविवारी सकाळी तुम्हाला कोणाची आठवण येईल, ती नावे लिहून पाहा. त्यांनी सदतीस नावे लिहिली, आणि त्यांत भिंतीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या बायका होत्या.

धडधड दोन महिन्यांत कमी झाली, पूर्ण गेली नाही. नाताळात त्यांनी करंज्यांचा डबा गेलेल्या दोन्ही घरी स्वतः नेऊन दिला. उपासनेला परत या असे त्या म्हणाल्या नाहीत. तब्येतीची आणि मुलांच्या नोकरीची चौकशी करून आल्या. एका घरातून डबा तिसऱ्या दिवशी परत आला, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्याप्रमाणे त्यात नारळाच्या वड्या होत्या. दुसऱ्या घरचा डबा अजून आलेला नाही. त्याची वाट पाहत आहे, असे त्यांनी मला गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले, आणि मग शनिवार असल्याने पाव आणायला जायचे आहे म्हणून फोन ठेवला.