थंड समुद्रातल्या समुद्रकाकड्या सगळीकडे सारख्याच दिसतात का? नसतील तर थंडीमुळे त्यांच्यात नेमका काय फरक पडतो?

प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली. समुद्रकाकडी म्हणजे समुद्राच्या तळावर राहणारा काकडीसारखा लांबट प्राणी. आमच्या गावापासून समुद्र सहाशे-सातशे किलोमीटरवर. तरी या समुद्रकाकडीपायी मी आमच्या एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांशी कित्येक वर्षं कामापुरतंच बोललो.

मी प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो, 28 वर्षं. बरण्या पुसणं, मेलेले प्राणी टिकवायचं फॉर्मलिन त्यांत भरणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी ट्रे मांडणं ही कामं. उरलेला वेळ लायब्ररीत.

तुम्ही लिहिलंय की नॉर्वेच्या फोटोत ती काळपट होती, अलास्काच्या फोटोत नारिंगी आणि अंटार्क्टिकाकडच्या व्हिडिओत चक्क आरपार दिसणारी. हा थंडीचा परिणाम का? नाही. पाऊस सगळ्या शिवारावर एकच पडतो, तरी काळ्या रानातली पऱ्हाटी छातीला लागते आणि बरडावरची गुडघ्याच्या वर जात नाही. समुद्राचंही तसंच आहे. खाली खडक आहे की गाळ, पाणी वाहतं की साचलेलं, खायला काय मिळतं, यावर अंगाची ठेवण ठरते. शिवाय तुमच्या तीन फोटोंत तीन वेगळ्या जाती आहेत, हे तुम्ही धरलेलंच नाही.

आता माझी बरणी. कपाट नंबर 3, वरून दुसरा कप्पा, चिठ्ठीवर नुसतं ‘कुकुमारिया’, समुद्रकाकड्यांच्या एका घराण्याचं नाव. बीएस्सीला हे नाव सगळ्यांनी घोकलेलं असतं. आत वीतभर लांबीचं, उकडलेल्या बटाट्यासारखं पांढरट काहीतरी. पोरं स्पॉटिंगला, म्हणजे नमुना पाहून ओळखायच्या परीक्षेत, दरवर्षी तेच लिहायची: रंग पांढरा, शरीर लंबगोल, कंटकचर्मी संघ (तारामासा ज्यात येतो तो). मी लायब्ररीतल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात रंगीत पान पाहिलं होतं. उत्तर अटलांटिकमधली कुकुमारिया फ्रोन्डोसा, न्यूफाउंडलंड, आइसलंड, नॉर्वेच्या बाजूची. गडद तपकिरी, जवळजवळ काळी, अर्ध्या मीटरपर्यंत वाढणारी. तोंडाभोवती झाडासारख्या फांद्या फुटलेले दहा हात. ती खडकाला चिकटून बसते, वाहत्या पाण्यात हात पसरते, बारीक खाणं अडकलं की एकेक हात तोंडात घालून चाटते. आपण बोटाला लागलेली चटणी चाटतो ना, तसं.

हे मी एका पोरीला सांगितलं. हुशार होती, खेड्यावरून एसटीनं यायची. तिनं परीक्षेत लिहिलं, ‘रंग गडद तपकिरी, फॉर्मलिनमुळे पांढरा दिसतो.’ सरांनी दोन मार्क कापले. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “काका, तुमी तं तपकिरी म्हनलं होतं नं?” मी तसाच आत गेलो. एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, बोलायला नको होतं, पण बोललो. सर म्हणाले, “समोर दिसतं ते लिहायचं असतं. आणि तू बरण्या पूस, शिकवायला आम्ही आहोत.” एक्स्टर्नल चहा पीत राहिले.

पुढच्या मे महिन्यात ती बरणी तडकली. वीज नाही, खोलीत भट्टी, टेबलावरून वास सुटला तेव्हा कळलं. मी काकडी इनॅमलच्या ट्रेमध्ये काढली. हातमोजे कुणी कधी दिले नव्हते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाताला जुन्या चपलेच्या तळासारखी लागली. अंगावर नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांच्या, पाच रांगा, गोधडीला टाके घालावेत तशा. तोंडाकडचा भाग दोरी ओढलेल्या बटव्यासारखा मिटलेला, कारण मरताना तिनं सगळे हात आत ओढून घेतले होते. हा प्राणी जिवंतपणीही असाच करतो. डिवचला की आखडून गोळा होतो, कातडं हवं तसं ताठ किंवा सैल करतो. मग ‘शरीर लंबगोल’ हा आकार कुणाचा, प्राण्याचा की त्याच्या भीतीचा? आणि पोरं पंचवीस वर्षं तेच रेखाटत होती.

मी कातडीचा एक कपटा बाजूला ठेवला. यांच्या कातडीत चुन्याचे बारीक कण असतात, भोकं पाडलेल्या चकत्यांसारखे. जात ओळखायची ती त्यांच्यावरून. मांस ब्लीचमध्ये विरघळवायचं आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. तासिका तत्त्वावर असलेल्या एक मॅडम होत्या, त्यांनी स्लाइड करून दिली. ब्लीच संडासाच्या बादलीशेजारचं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं पाहिलं. काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “फॉर्मलिन जुनं झालं की आंबट होतं, चुना खाऊन टाकतं.” म्हणजे पुरावा माझ्याच हातानं बुडाला. दरवर्षी फॉर्मलिन भरणारा मीच.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत त्याच कुकुमारिया घराण्यातली मिनियाटा नावाची जात आहे. नारिंगी-तांबडी. ती खडकाच्या फटीत अंग खुपसून बसते, बाहेर दिसतात फक्त फांद्यांसारखे हात. तुमचा नारिंगी फोटो बहुधा तिचा. तशाच खडकांवर सोलस नावाची मिळते, वरून खवले, खालून सपाट तळवा, गोगलगायीसारखी चिकटलेली. काकडी म्हणवत नाही इतकी वेगळी. तेच थंड पाणी, तोच खडक, तरी हा फरक.

एकाच जातीतला फरक हवा असेल तर जपान, कोरिया, उत्तर चीनकडची पाहा, आपोस्टिकोपस जॅपोनिकस. ही चिनी लोक महागात खातात. खडकाळ, खड्यांच्या तळावर बहुतेक लाल, खाडीतल्या गाळ-वाळूवर हिरवी किंवा काळी. अंगावरचे काटेरी उंचवटेही सगळीकडे सारखे नसतात. लाल आणि हिरवी एक जात की दोन, यावर अभ्यासक बराच काळ भांडले, तेव्हा मी आणि सर काय घेऊन बसलोत! आणि हिची एक गोष्ट मला फार आवडते. उन्हाळ्यात पाणी तापून 20 अंशांच्या वर गेलं की मोठी जनावरं खाणं बंद करतात, आतडी आटते, अंग बारीक होतं आणि दगडाखाली पडून राहतात. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंशांत माणूसही तेच करतो. म्हणजे एकच काकडी मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये तुम्हाला दोन वाटतील.

आरपार दिसणारी ती एनिप्नियास्टेस. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियन लोकांनी दक्षिण महासागरातलं तिचं चित्रीकरण दाखवलं आणि ‘बिनमुंडक्याची कोंबडी’ म्हणून ती गाजली. पण तीच मेक्सिकोच्या आखातातही आधी दिसली होती. वरून आखात कोमट, खोलवर थंडच. खोल पाण्यात खडक कमी, गाळ जास्त, खाणं वरून भुरभुर पडणारं. तिथे दणकट कातडं नाही, पाण्यानं भरलेलं जेलीसारखं अंग. ‘समुद्री डुक्कर’ म्हणतात ती स्कोटोप्लेन्स तर साधारण एक किलोमीटरहून खोल गाळावर फुगलेल्या नलिकापादांचे पाय करून चालते. स्वीडनच्या थेल यांनी 1879 मध्ये तिचं वर्णन केलं, चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन-जहाजानं आणलेल्या नमुन्यांवरून. त्यांच्याही पुढ्यात मेलेलीच होती, पण त्यांना कुणी बरण्या पुसायला सांगितलं नाही.

म्हणून फोटो पाहताना आधी विचारा: जिवंत की मेलेली, किती खोल, खाली काय, महिना कुठला. ‘थंड पाणी’ एवढ्यावर काही ठरत नाही. आणि हौस म्हणून वाळवलेली विकत घेऊ नका. भारतात 2001 मध्ये सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, थेट गुन्हा होतो.

आता राहिलेलं सांगतो. मी जिवंत समुद्रकाकडी कधी पाहिलेली नाही. माझं ‘तपकिरी’सुद्धा छातीठोक नव्हतं. चिठ्ठीवर जात लिहिलेलीच नाही, आतली मिनियाटा असेल तर ती नारिंगी होती आणि त्या पोरीचं उत्तर मी चुकवलं. सरांचंही अर्धं बरोबर, स्पॉटिंगला समोर दिसतं ते लिहायचं असतं. पण मग त्यांनी पोरांना कधीतरी सांगायचं होतं की समोर दिसतंय ते काय आहे.

रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी मी नव्या बरणीवर फेविकॉलनं एक पट्टी चिकटवली, ‘रंग खरा नाही.’ गेल्या दिवाळीत कॉलेजात चक्कर झाली. पट्टी आहे. फॉर्मलिन मात्र चार बोटं खाली गेलंय, काकडीचं वरचं टोक उघडं पडलंय.