दोन विद्यापीठांपैकी एकाची निवड करताना

फायनान्सच्या (वित्त विषयाच्या) पदवीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला असून कोणते निवडावे, असा आपला प्रश्न आहे. दोन्हीकडे प्रवेश मिळाला, याबद्दल अभिनंदन. मात्र निर्णय केवळ क्रमवारीवर सोपवू नये, कारण तिच्यात बहुधा संस्थेची एकूण प्रतिष्ठा मोजलेली असते, आपला अभ्यासक्रम नव्हे. आधी दोन्हीकडील विषयांच्या याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीकडे स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिक बदलांचे गणित), डेरिव्हेटिव्हजचे (शेअर वगैरेंच्या किमतीवर बेतलेल्या करारांचे) मूल्यनिर्धारण आणि प्रोग्रॅमिंग अनिवार्य असेल आणि दुसरीकडे कंपन्यांचे मूल्यांकन, विलीनीकरण व ताळेबंदाचे विश्लेषण यांवर भर असेल, तर पदवीचे नाव एकच असले तरी वाटा वेगळ्या आहेत : पहिली जोखीम-मापन व ट्रेडिंगकडे जाते, दुसरी इन्व्हेस्टमेंट बँकिंग व इक्विटी रिसर्चकडे (शेअरांच्या अभ्यासाकडे). नोकऱ्यांच्या अहवालात सरासरी पगार ठळक छापलेला असतो, पण दोन-चार गलेलठ्ठ पॅकेजांमुळे तो आकडा फुगतो. म्हणून मध्यक (सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहावा, आणि मुळात किती विद्यार्थ्यांनी माहिती दिली हेही (ते सहसा तळटीपेत दडलेले असते). सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट ही व्यावसायिक पात्रता) करायचे असल्यास अभ्यासक्रम ती देणाऱ्या सीएफए इन्स्टिट्यूटशी संलग्न आहे का, याची चौकशी करावी. शुल्कातील तफावत कर्ज काढून भरायची असेल, तर माझा कल निःसंकोचपणे स्वस्त पर्यायाकडे राहील. अनामत भरण्यापूर्वी ती परत मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.