वनस्पतीच्या पेशीची वाढ आणि आकार संप्रेरकेच ठरवतात का?

वनस्पतीच्या पेशीने किती वाढायचे आणि कोणता आकार घ्यायचा, हे ऑक्झिनसारखी संप्रेरकेच (वनस्पतीत तयार होणारी संदेशवाहक रसायने) ठरवतात का, असा आपला प्रश्न आहे. मुंबईत वनस्पतिशास्त्र शिकवताना हा समज मला नेहमी आढळतो, आणि तो अर्धाच खरा आहे. संप्रेरकाचा आदेश कुठूनही येवो, त्याची अंमलबजावणी शेवटी पेशीभित्तिकेतच, म्हणजे पेशीभोवतीच्या चिवट आवरणातच होते.

वाढीचे बळ पाण्याचे असते. रिक्तिकेतील, म्हणजे पेशीच्या आतल्या पाणीदार पिशवीतील, क्षार आणि शर्करा यांमुळे परासरणाने (पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पटलातून झिरपत) पाणी आत येते आणि साधारणपणे ०.३ ते १ मेगापास्कल एवढा दाब निर्माण होतो. मोटारीच्या टायरमध्ये तो ०.२ च्या आसपास असतो. मात्र हा दाब सर्व दिशांना सारखाच असल्यामुळे केवळ त्याच्या जोरावर पेशी गोल व्हायला हवी. ती तशी होत नाही, कारण भित्तिका सगळीकडे सारखी ताणली जात नाही. बाल्कनीतल्या कुंडीत हमखास सापडणाऱ्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काचपट्टीवर घेऊन तिच्यावर मिठाचे दाट पाणी सोडले, की आतला जांभळा गर भित्तिकेपासून सुटून आक्रसतो, पण बाहेरची षटकोनी चौकट, म्हणजे भित्तिका, जवळजवळ तशीच राहते.

या चौकटीला चिवटपणा देतात ते सेल्युलोजचे तंतू, जेमतेम तीन-चार नॅनोमीटर रुंदीचे. लांब होत जाणाऱ्या पेशीत ते मुख्यतः आडवे, पेशीभोवती वेढलेले असतात. त्यामुळे रुंदी वाढायला अटकाव होतो आणि लांबीची वाट मोकळी राहते. १९६२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल ग्रीन यांनी नायटेला या शैवालाच्या लांबट पेशींना कोल्चिसिन हे रसायन दिले, तेव्हा तंतूंची दिशा विस्कटली आणि पेशी फुगून गोलसर झाल्या. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर या संशोधकांना पेशीपटलाच्या (भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याच्या) आतल्या बाजूला सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या अतिबारीक नळ्या, दिसल्या. ज्यांना कोल्चिसिन मोडते, त्या याच. सेल्युलोज विणणारी विकरे (एन्झाइम) या नलिकांच्या मार्गाने पटलात सरकतात, हे २००६ मध्ये जिवंत पेशीत प्रत्यक्ष पाहता आले.

आता संप्रेरकांकडे येऊ. ऑक्झिनमुळे पेशीपटलातील प्रोटॉन पंप, म्हणजे हायड्रोजन आयन बाहेर टाकणारी प्रथिने, चालू होतात, भित्तिका आम्लधर्मी होते आणि एक्स्पान्सिन नावाची प्रथिने तंतूंमधील पकड सैल करतात. दाब तेवढाच असला तरी भित्तिका आता ताणली जाते. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक मात्र सूक्ष्मनलिकांची मांडणी आडवीची उभी करते, म्हणूनच अंधारात इथिलीन मिळालेले वाटाण्याचे रोप बुटके आणि जाड होते. म्हणजे दिशेवरही संप्रेरकाचा प्रभाव पडतो, पण तो नलिका आणि तंतू यांच्यामार्फत.

याचे सर्वांत देखणे उदाहरण मला कापसाचे वाटते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ज्या तंतूंची लांबी आणि बळकटी तपासली जाते, त्यांतला प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेची एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास ती वाढू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत, एकदाही न विभागता, रुंदीच्या हजारपटीहून अधिक लांब होते. लांबी वाढायची थांबत आली की आतून जवळपास शुद्ध सेल्युलोजचे थर चढू लागतात, आणि त्यांतले सेल्युलोजचे तंतू मळसूत्रासारखे तिरके असून मधूनमधून दिशा पालटतात. बोंड फुटून पेशी वाळली, की ती चपटी होऊन पीळ घेते. सूत कातताना कापसाचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यात या पिळाचा मोठा वाटा असतो.