बायोमार्कर : चिन्हक, सूचक की लक्षण?

प्रश्न असा आहे : हृदयविकाराच्या रक्ततपासणीवर लिहिताना बायोमार्करला (शरीरातली स्थिती दाखवणाऱ्या, मोजता येणाऱ्या पदार्थाला) कुणी जैवचिन्हक म्हणतं, कुणी जैवसूचक, एका ठिकाणी तर ‘रक्तातली लक्षणे’ असं वाचलं. यातलं बरोबर काय?

‘लक्षणे’ आधी बाद करू. लक्षण रोग्याला जाणवतं : छातीत दडपणं, जिना चढताना धाप लागणं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन रक्तात वाढलेलं कुणालाच जाणवत नाही, ते प्रयोगशाळेत कळतं. उरलेल्या दोन शब्दांत माझं मत जैवसूचकाला. सूचक सुचवतो, सिद्ध करायची जबाबदारी घेत नाही.

आपल्याकडे याचा विचार नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, केव्हाच करून ठेवलाय. ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ : डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे. या धुराला ते ‘लिंग’ म्हणत, म्हणजे खूण. (बायोमार्करला ‘जैवलिंग’ म्हणायची सोय आता उरली नाही, हे खरं.) आणि जो हेतू (खूण) साध्य (जे सिद्ध करायचं ते) नसलेल्या जागीही सापडतो, तो ‘सव्यभिचार’. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन याचं चपखल उदाहरण. १९३० मध्ये ते सापडलं न्यूमोनियाच्या रुग्णांत. नावातला ‘सी’ न्यूमोनियाच्या जिवाणूच्या एका शर्करेवरून आलाय. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर राहिलं तर हृद्‌रोहिणी-विकाराचा, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आजाराचा, धोका जास्त धरतात, पण साध्या जंतुसंसर्गानेही ते कितीतरी पट चढतं. शिवाय ज्यांच्यात सीआरपी आनुवंशिकतेमुळेच जास्त असतं, त्यांच्यात हा विकार त्या प्रमाणात जास्त आढळत नाही. म्हणजे हा निव्वळ सूचक.

एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची, गोष्ट उलटी. पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे ज्यांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं, त्यांच्या रोहिण्या कमी बिघडतात. तेव्हा एलडीएलला नुसतं सूचक म्हणणं म्हणजे आरोपीला साक्षीदार म्हणण्यासारखं. तिथे सरळ ‘कारण’ लिहावं. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेलं, बहुतांशी आनुवंशिक असं लायपोप्रोटीन(ए) (रक्तातला एलडीएलसारखाच कण) याच बाजूला बसतं.

ट्रोपोनिन तिसऱ्याच जातीचं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर काही तासांत ते रक्तात वाढतं. पुढचं सुचवत नाही, झालेलं सांगतं. पण इजा कशाने झाली, ते सांगत नाही : हृदयाच्या स्नायूचा दाह असला किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असला तरी ते वाढलेलं दिसतं.

धमनी की रोहिणी? दोन्ही चालतात, शास्त्रीय मराठीत रोहिणी रुळलेला आहे, एवढंच.

‘त्यांना कोलेस्टेरॉल निघालं’ या बोलण्यावर काही जण नाक मुरडतात, कारण कोलेस्टेरॉल सगळ्यांनाच असतं. मला ते अजिबात चुकीचं वाटत नाही. शुगर निघते, बीपी निघतं, तसंच कोलेस्टेरॉल. ‘वाढलेलं’ हे त्या ‘निघालं’मध्येच आलं.